उश्मालवरून समुद्र दिसतो का?

निकानोराला मी स्वस्थ बसलेली पाहिली ती फक्त चर्चमध्ये, आणि तिथेही तिचा एक पाय सारखा हलत असायचा. माझी भावजय ती. माझ्या धाकट्या भावाची, एलिहिओची बायको. शिवाय तिच्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर धरून उभी होते ती मी, म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्या चोलुलात हे नातं रक्ताच्या वर. भावजयीशी भांडून बोलणं टाकता येतं. कोमाद्रेशी टाकलं तर गाव तोंडात शेण घालतं. त्यामुळे आम्ही भांडायचोही आणि बोलायचोही, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

जेवायची ती उभ्यानं. घास तोंडात, डोळे रस्त्यावर. घरातलं सामान तिच्या हाताखाली कधी सुखानं राहिलं नाही. आज टेबल खिडकीशी, उद्या दाराशी, परवा अंगणात. माझी आई तिच्याकडेच राहते, ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं एर्लिंदा, या घरात मला माझी खाटसुद्धा विचारत विचारत शोधावी लागते!" मी निकानोराला झापलं. तर म्हणते कशी, "कोमाद्रे, मला हलता येत नाही, निदान टेबल तरी हलू दे." मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको." पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं खरं.

सकाळी कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जायची आणि तिथेच रेंगाळायची. समोर ज्वालामुखी, डोन गोयो. तो धूर सोडतो, राख उडते, धुतलेल्या चादरी करड्या होतात. सगळ्या बाया त्याला शिव्या घालतात. ही मात्र खुशीत म्हणायची, "बघ, त्याला तरी कुठे गप्प बसवतंय!"

आणि गंमत अशी की पायाला भिंगरी म्हणून गावभर नाव झालं ते एलिहिओचं. तीस वर्षं तो पाहुण्यांची गाडी चालवत होता. राजधानीतून परदेशी लोक भरायचे, पहिलं जेवण आमच्या चोलुलात, निकानोराच्या हातचा मोले, मिरच्या-मसाल्यांचा घट्ट रस्सा. मग ओआहाका, पालेंके, कांपेचे, मेरिदा आणि शेवटी उश्माल. जुनी शहरं, त्याहून जुने पडके वाडे-देवळं, आणि वाटेत जे जे खायला मिळेल ते. घरी आला की दोन रात्री काढायचा, तिसऱ्या दिवशी गाडीचे टायर लाथेनं तपासत उभा. "काय करणार ताई, रस्ता बोलावतो," असं मला म्हणायचा. मला कौतुक वाटायचं. भाऊ ना शेवटी.

निकानोरा मात्र एका बाजूला आत्लिस्कोच्या पुढे गेलेली नाही आणि दुसऱ्या बाजूला पुएब्लाच्या. पण तिचा स्वयंपाक सगळा देश हिंडून आलेला. एलिहिओ प्रत्येक फेरीहून काही ना काही आणायचा: ओआहाकाची काळीकुट्ट मिरची, दक्षिणेकडची केळीची पानं, आंबट संत्री, लाल बियांचा मसाला. ते सगळं ती नाकाशी धरायची, जिभेवर ठेवायची, आणि त्याच्या मागे लागायची.

"कसा होता तिथला मोले?"

"बरा होता."

"अरे बरा म्हणजे? गोड? तिखट? जळका वास होता का?"

"मोलेसारखा होता."

"आणि पालेंके? पालेंके कसं आहे?"

"गरम," म्हणायचा आणि घोरायला लागायचा.

अशा माणसाकडून काय कळणार, कपाळ! मग ती पाहुण्यांना गाठायची. परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा आमच्याकडे थांबे. एकाचे कॅमेऱ्यातले फोटो बघ, दुसरीला हातवारे करून विचार, पायऱ्या किती उंच, रस्त्यावर कसला वास, डुकराचं मांस पुरून भाजतात तो खड्डा केवढा. असं तुकडा तुकडा जोडून तिनं सगळा प्रवास मनात बांधला. आणि मग पुढच्या खेपेच्या पाहुण्यांना वाढता वाढता तीच सांगायला लागली. कांपेचेच्या तटावर संध्याकाळी जा. मेरिदात दुपारी फिरू नका, मेंदू वितळतो. उश्मालला मोठ्या पिरॅमिडवर चढलात तर वर मागे वळून बघा, लांब समुद्र दिसतो.

"तुम्ही कधी गेला होतात?" कुणी विचारलंच तर हिचं उत्तर ठरलेलं, "गेल्याच वर्षी." आणि लगेच पातेल्याकडे वळायची.

मी स्वयंपाकघरात तिच्या मदतीला असायची. मी म्हणायची, "थापा मारून मारून जीभ झडेल तुझी." ती म्हणायची, "मग तू ये बरोबर, आपण दोघी जाऊ आणि खरं करू." मी तरी गेले होते कुठे? माझं माहेर आणि सासर यांच्यात एक गल्ली. तो विषय निघाला की मी भांडी जोरात घासायची.

गेल्या शरदात हॉलंडची एक म्हातारी गाडीतून आली. जाताना जेवली, येताना पुन्हा जेवली. काठी टेकत उठली, निकानोराचा हात हातात घेतला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "बाई, तुमच्यासारखा मोले मी कुठे खाल्ला नाही. पण उश्मालवर मी चारी दिशांना पाहिलं हो. समुद्र नाही दिसला. माझे डोळे म्हातारे झाले असतील."

किती चांगली बाई! दोष आपल्या डोळ्यांवर घेतला. एलिहिओ दात काढून हसला, "हवा धूसर असेल." निकानोरा मात्र पांढरीफटक पडली. समुद्राचं तिला सांगितलं होतं एलिहिओनंच, पहिल्या पहिल्या फेरीहून आल्यावर. गाडी गेली, भांडी झाली, तरी ती पदपथ झाडत होती. झाडलेला पुन्हा झाडत होती.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "मी इतक्या लोकांना मोले खरा वाढला आणि बाकी सगळं खोटं वाढलं. मला एकदा जायचंय. एकदाच. मग मी गप्प बसेन."

"तू? गप्प?" मी म्हटलं. पण हसू काही मला आलं नाही.

तिनं नवऱ्याला विचारलं. पहिल्यांदा नव्हे, दर वर्षी विचारायची. त्याचं उत्तरही दर वर्षीचंच: पुढच्या वर्षी नक्की. सहलीचे ऑफिसवाले नातेवाईक चालवून घेत नाहीत. जागा भरल्यात. तुझे गुडघे. आईला कोण बघणार. यंदा मात्र नाताळात तो आला आणि जेवता जेवता सांगून मोकळा झाला, "गाडी विकली. आत्लिस्कोचा एक फुलवाला घेतोय. दोन फेब्रुवारीची फेरी शेवटची, मग मी घरीच."

आईनं देवाचे आभार मानले. निकानोरा उभीच होती, हातात घास. पुढचं वर्षच उरलं नव्हतं.

आणि तारीख तरी कुठली? दोन फेब्रुवारी म्हणजे कांदेलारिया. त्या सणाला घराघरात तमाल लागतात, पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, आणि ते कुणी करायचे हे सहा जानेवारीला ठरतं. तीन राजांचा सण, मोठा गोल पाव मध्ये ठेवायचा, त्याच्या पोटात बाळ येशूच्या चिमुकल्या बाहुल्या. ज्याच्या तुकड्यात बाहुली, त्याने दोन तारखेला सगळ्यांना तमाल घालायचे. म्हणायला असं. आमच्या घरात बाहुली कुणाच्याही ताटात निघो, पीठ मळायची निकानोरा. आणि एलिहिओची ख्याती अशी की तो बाहुली मिळाली की गिळून टाकतो. आई म्हणते, "याच्या पोटात अख्खं अनाथालय आहे."

यंदा पावात तीन बाहुल्या होत्या. एक माझ्या जावयाला, फिदेन्सिओला मिळाली, एक मला. तिसरी काही निघेना. पाव संपला, चुरा संपला, सगळे एलिहिओकडे बघायला लागले.

"ए, थुंक!" आई म्हणाली.

"आई, शप्पथ! ग्वादालुपे मातेची शप्पथ, यंदा माझ्याकडे नाही!"

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"दरवर्षी खोटं बोलतो, यंदा खरं बोलतोय!"

हसून हसून पुरेवाट झाली. निर्णय झाला: बाहुली एलिहिओनं गिळली, तमाल एलिहिओकडे. या सगळ्या गोंधळात माझं लक्ष निकानोराकडे गेलं. ती एक शब्द बोलत नव्हती. इतकी वर्षं ओळखते मी तिला. आरडाओरडा चाललाय आणि निकानोरा गप्प, असं होणं नाही. तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, दार लावलं. "काढ बाहेर."

तिनं तोंडातून बाहुली काढली, पाण्याखाली धरली, रुमालात बांधली. "माझ्याकडे निघाली म्हटलं असतं तर दोन तारखेला मी भांड्यापाशी. आता मी मोकळी. मी गाडीत बसणार आहे, कोमाद्रे."

"एलिहिओ नेणार आहे?"

"नाही म्हणालाय. अजून."

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या आणि फिदेन्सिओच्या बाहुलीचं आम्ही मका, चरबी, पानं आणून देऊन निस्तरलं. पण पीठ मळायची वेळ आली एक तारखेला दुपारी, आणि एलिहिओनं काय करावं? चरबीत हात घातला, नाक मुरडलं आणि हसत म्हणाला, "निका, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही बघ." आणि अंगणात जाऊन गाडी पुसायला लागला. निकानोरानं हात धुतले आणि पीठ ओढलं. किती फेटलं तिनं ते पीठ! हात थांबेचना. मका-पानांत गोळे भरले, मोठ्या भांड्यात उभे रचले, तळाच्या पाण्यात एक नाणं टाकलं. नाणं खडखडत राहिलं की पाणी आहे असं समजायचं. झाकण लावलं आणि आम्ही बसलो. म्हणजे मी बसले. ती दार ते चूल, चूल ते दार.

नाणं खडखडत होतं, वाफ धो धो येत होती. शिजायची वेळ झाली, मी एक उघडून पाहिला. कच्चा. पुन्हा झाकलं, पुन्हा पाहिलं. पीठ तसंच, बोटाला चिकटतंय. बाहेर उन्हं कलली. मी मका-पानाच्या चिंध्या करून भांड्याच्या दोन्ही कानांना बांधल्या, अडलेल्या तमालांवरचा जुना तोडगा, तोही करून पाहिला. कच्चेच.

आई काठी आपटत आत आली, मागोमाग फिदेन्सिओ. भांड्यात डोकावली. "इथे कोण चिडलंय?"

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चुलीपाशी कुणी रागावलेलं असलं की तमाल रुसतात, शिजत नाहीत. रागावलेल्या माणसाला मग बोलतं करावं लागतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी भडकले. "मी रोजच चिडलेली असते, भांड्याला सवय आहे! माझे तमाल कधी कच्चे राहिलेत?"

"ते खरं," आई म्हणाली. "मग कोण?"

"मी," निकानोरा म्हणाली.

ती चालायची थांबली होती. तिनं रुमाल सोडला आणि बाहुली टेबलावर ठेवली.

एलिहिओ दारात आला होता, हातात गाडी पुसायचं फडकं. त्याचे डोळे विस्फारले. "म्हणजे तुझ्याकडे होती! आणि माझ्या नावानं अख्खं घर—मी शपथ घेतली होती! देवीची!"

"एलिहिओ," ती म्हणाली, "उश्मालवरून समुद्र दिसतो का?"

"आता हे काय मध्येच?"

"दिसतो का?"

"दिसतो की. हवा चांगली असली तर."

"कुठल्या बाजूला?"

त्याने फडक्याची घडी घातली. मग उलगडली. "असा... डावीकडे."

"तू वर चढला होतास?"

भांड्यात नाणं तेवढं खडखडत होतं.

"एलिहिओ," आई म्हणाली, "ती काय विचारतेय?"

"गाडी कोण बघणार, आई?" तो एकदम चिडून बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला. "पाहुण्यांचं सामान असतं. ड्रायव्हर आत जात नाहीत. आम्ही झाडाखाली थांबतो. पत्ते खेळतो, झोपतो. उश्मालला एक मोठं झाड आहे. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नवीन होतो, काय सांगू तिला, झाड पाहिलं म्हणू? समुद्र चांगला वाटला."

"आणि ओआहाकाजवळचं मोंते आल्बान?" निकानोरानं विचारलं.

"गाड्या लावतात तिथून एक भिंत दिसते."

"पालेंके?"

"गरम," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता ही भांडं उचलून त्याच्यावर फेकेल. मी फेकलं असतं. निकानोरा म्हणाली, "तीस वर्षं मी तुझ्या डोळ्यांनी बघत होते, एलिहिओ. तीस वर्षं. आणि तू डोळे मिटून झोपला होतास. तुला दार उघडं होतं. रोज उघडं होतं. मला राग आलाय. मला इतका राग आलाय की या भांड्याखाली जाळ नसता तरी चाललं असतं." आणि मग ती रडली. उभ्याउभ्याच, तोंड न झाकता.

आईनं काठी एलिहिओच्या पोटरीवर मारली. "नाच."

"आई, मी साठीला आलो!"

"तमाल रुसवलेस तू, नाचून मनवशील तू. भांड्याभोवती. चल."

आणि माझा भाऊ नाचला. फडकं खांद्यावर टाकून, मान खाली घालून, चुलीभोवती अस्वलासारखा थपाथप. आई टाळ्या वाजवत होती, फिदेन्सिओ शिट्टी. मी निकानोराच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. नाचता नाचता तो म्हणाला, "उद्या ये. ऑफिस बोंबललं तर बोंबलू दे. सीटांच्या मधल्या वाटेत स्टूल टाकतो."

"मी विचारलं नव्हतं," नाक पुसत ती म्हणाली. "मी येणारच होते."

जाळ वाढवला म्हणा की राग उतरला म्हणा, दिवेलागणीला तमाल शिजले. कापसासारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पाहुण्यांना घेऊन आली. पाहुणे तमाल खाऊन तृप्त झाले. निकानोरानं ॲप्रन काढला, माझ्या गळ्यात अडकवला, आणि उशी बगलेत मारून गाडीत चढली. वळून पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला, रडू आलं, आणि तिनं टेबल पुन्हा कुठे हलवलंय ते न कळून त्याच्यावर आपटले.

पंधरवड्यानं दोघं परत आले. गाडी त्याच संध्याकाळी फुलवाल्याकडे गेली. एलिहिओ जाऊन झोपला. निकानोरा उन्हानं रापून तांब्यासारखी झाली होती. खुर्ची ओढून बसली. बसली! मी मुद्दाम खाली वाकून पाय पाहिला. हलत नव्हता.

"बोल," मी म्हटलं. "नाहीतर जीव जाईल माझा."

तिनं सांगितलं. ओआहाकाचा काळा मोले तिच्या मोलेपेक्षा सरस निघाला, ते तिला तीन ठिकाणी खाऊन खात्री करून घ्यावं लागलं. कांपेचेच्या भिंती गुलाबी नाहीत, फोटो खोटे. मेरिदात मात्र मेंदू खरंच वितळतो. आणि उश्माल. तिथे तिनं एलिहिओच्या हातातून किल्ली काढून घेतली, झाडाखालच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे दिली आणि म्हणाली, चल.

"चढला?"

"चार पायांवर. माकडासारखा. मध्येच म्हणाला, गुडघे. मी म्हटलं, माझेही आहेत. वर पोचलो आणि खाली बघितल्याबरोबर त्यानं डोळे गच्च मिटले, कोमाद्रे. माझा हात सोडेना. घामानं चिंब. इतक्या उंचीची सवयच कुठे, बिचाऱ्याला."

"आणि तू?"

"मी बघितलं. चारी बाजूंना. जंगल आहे गं. सपाट, हिरवं, पार आभाळाला टेकलेलं. दुसरं काही नाही." तिनं खुर्ची माझ्याजवळ सरकवली. "तो डोळे मिटूनच विचारायला लागला, काय दिसतंय, सांग ना. मग मी सांगितलं सगळं, इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आले तसं, फक्त या वेळी बघून. शेवटी घाबरत घाबरत म्हणाला, 'निका, समुद्र दिसतो का?'"

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, दिसतो. डावीकडे."